माडीवरची जुनी सागवानी तक्तपोशी घासून पॉलिश करायचीये, सुरुवात कुठून करू?

चरईकर_सून

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, वेळ असेल तरच वाचा.

ठाण्यात चरईत आमचं म्हणजे सासरचं जुनं घर आहे. तळमजला आणि वर माडी, सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं, आजूबाजूला सगळे टॉवर झाले पण हे अजून उभं आहे आणि एवढ्यात रिडेव्हलपमेंटला जाईल असंही नाही कारण भावाभावांचं काही जुळत नाहीये (त्यावर वेगळा धागा निघेल!). खाली चुलत सासरे राहतात, वर आम्ही. वर दोन खोल्या आणि रस्त्याच्या बाजूला गॅलरी, सगळीकडे पायाखाली सागवानी फळ्यांची तक्तपोशी म्हणजे लाकडी जमीन, फळ्या चांगल्या रुंद, आठ-नऊ इंच तरी असतील, सरळ खिळे मारून बसवलेल्या.

आता अवस्था सांगते. बाहेरच्या खोलीत दारापासून गॅलरीपर्यंत चालून चालून वाट पडलीये, तिथलं लाकूड करडं आणि खरखरीत झालंय, पायात कुसळं जातात. झोपाळ्याखाली तर पिढ्यानपिढ्या सगळ्यांनी पाय घासून दोन खोलगट पट्टे पाडलेत आणि तिथे खिळ्यांची डोकी वर आलीत. आतल्या खोलीत कधीतरी कुणीतरी गेरूच्या रंगाचा ऑइलपेंट फासलाय, त्यावर मेणकापडासारखं फ्लोअरिंग चिकटवलेलं होतं, ते काढलं तर खाली गोंदाचे चट्टे. खिडकीखाली पावसाचं पाणी येऊन येऊन फळ्या काळ्या पडल्यात.

तीन जण बघून गेले. पहिला म्हणे वर कोबा करा, व्हिट्रिफाइड टाइल्स टाका, कटकट संपली. दुसरा म्हणे प्लाय ठोकतो आणि वर व्हिनाइल. तिसरा पॉलिशवाला, तो मशीनने घासून पीयू (पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर) मारून देतो म्हणाला, एकदम काचेसारखं, आणि जुलैमध्ये पण करतो म्हणे, पावसाने काही फरक पडत नाही. सासूबाईंना यातलं काहीच नकोय, त्या म्हणतात आम्ही रॉकेलचा बोळा फिरवायचो तेवढ्याने भागत होतं.

मला लाकूड झाकायचं नाहीये. पण एवढं जुनं लाकूड घासायला परवडेल का, म्हणजे जाडी उरेल का, मशीन कुठलं, वर काय लावायचं, आणि फटींमधून सगळा भुसा खाली चुलत सासऱ्यांच्या जेवणाच्या ताटात पडणार त्याचं काय करायचं? कुणी केलंय का असं काम?


कोबा_झिंदाबाद

टाइल्स टाका ताई. लाकडाचे लाड करायचे दिवस गेले. पुसायला सोपं, वाळवी नाही, काही नाही.


आरसीसी_काका

वरच्या भाऊंना एक साधा हिशोब सांगतो, मग ठरवा लाड कुणाचे करायचे ते. दोन इंच कोबा आणि त्यावर टाइल म्हटलं की चौरस मीटरला अंदाजे १२० किलो धरा. बारा बाय चौदाची खोली म्हणजे साडेपंधरा चौरस मीटर. झाले जवळजवळ १९०० किलो, एका खोलीत, आणि हे कायमचं वजन, माणसं-कपाटं अजून आलीच नाहीत. हे सगळं कुणी पेलायचं तर लाकडी कड्यांनी (फळ्यांखालचे आडवे वासे), ज्यांची टोकं इतकी वर्षं चुन्याच्या भिंतीत ओल खात बसलीत. आणि लाकूड पावसाळ्यात हलतं, कोबा हलत नाही, त्यामुळे दोन पावसाळ्यांत टाइल्सचे सांधे फुटतात आणि पाणी आत मुरतं, खालून मात्र दिसत काहीच नाही. जुन्या घरांत तक्तपोशी कोसळली म्हणतात ना, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आधी कुणीतरी वर हौसेने लादी घातलेली असते.

ताई, पॉलिशचं नंतर बघा. आधी एक काम करा, खालच्या घरात जाऊन छताकडे बघा. कड्या भिंतीत शिरतात तिथे टॉर्च मारा, लाकूड काळं-ओलसर आहे का, स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं तर रुततं का. हातोडीच्या दांड्याने ठोका, चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, आतून पोखरलेलं बद्द वाजतं. ३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट तसंही लागतंच, महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी लावते, सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची आणि तिथून खाली सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. तुमच्याकडे ऑडिट झालं असेल तर रिपोर्टमध्ये लाकडी भागाबद्दल काय लिहिलंय ते वाचा, बहुतेक वेळा लोक फक्त शेवटची कॅटेगरी वाचतात आणि फाइल कपाटात.


रंधा_पटाशी

काका बरोबर बोलले. मी सुतारकाम करतो, आमचं घरचंच काम आहे, कळवा-ठाणे-मुलुंड पट्ट्यात जुनी घरं बरीच उघडलीत तर माझ्या अनुभवातून सांगतो.

जाडीची काळजी एवढी नको, पण मोजल्याशिवाय मशीनला हातही लावू द्यायचा नाही. जिना वर येतो तिथे तक्तपोशीची उघडी कड दिसते, तिथे टेप लावा. जुन्या घरात फळी इंचाची किंवा सव्वा इंचाची असते. पूर्ण घासकाम नीट केलं तर अर्धं सूत सुद्धा जात नाही (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटर). पण झोपाळ्याखाली जे खोलगट झालंय ना, ते सपाट करायच्या नादात बाकीची सगळी खोली त्या खड्ड्याच्या पातळीला आणायला जाल तर दोन-तीन सूत लाकूड फुकट जाईल. तिथे सपाट करू नका. मऊ करा. खोलगट राहू दे, फक्त कुसळं गेली पाहिजेत. मला तर ते खोलगट पट्टे बघायलाच आवडतात पण ते जाऊ द्या.

खिळे. हे सगळ्यात आधी. प्रत्येक खिळा सुंब्याने (खिळा आत ठोकायची बोथट टोकाची छोटी लोखंडी सळई) फळीच्या आत दोन सूत बसवायचा, एकही सुटता कामा नये. मशीनचा पेपर खिळ्यावर गेला की पेपर तर फाटतोच पण ठिणगी उडते, आणि ती ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली तर ती पिशवी धुमसत राहते, रात्री पेट घेते. म्हणून पिशवी रोज संध्याकाळी घराबाहेर रिकामी करायची. जे खिळे सैल झालेत ते परत ठोकून उपयोग नाही, भोक मोठं झालेलं असतं, बाजूला बारीक ड्रिल मारून स्क्रू घ्या, स्क्रू खाली कडीत गेला पाहिजे, नुसता फळीत नको. फळी करकरते ती बहुतेक वेळा इथेच बरी होते.

मशीनबद्दल. मोठं ड्रम सँडर आपल्याकडे दुकानातून भाड्याने असं सहज मिळत नाही, बॅडमिंटन कोर्टाचं, जिमचं लाकडी फ्लोअरिंग करणारे असतात त्यांच्याकडे असतं आणि ते माणसासकट येतं, दोन खोल्यांसाठी यायला ते कुरकुर करतात. आलं तरी जुन्या तक्तपोशीवर मला ते फारसं पसंत नाही, वजनदार असतं आणि चालू असताना एका जागी क्षणभर थांबलं की खड्डा. दोन खोल्यांना बेल्ट सँडर (फिरत्या पट्ट्याने घासणारं हातातलं मशीन) आणि नंतर ऑर्बिटल (चकतीने हलकं घासणारं) पुरेसं आहे, वेळ लागेल, पण हातात राहतं. पेपर ४० किंवा ६० नंबरने सुरू, मग ८०, मग १२०, मधला नंबर गाळायचा नाही, कारण ४० चे ओरखडे १२० ने निघत नाहीत आणि ते पॉलिश लावल्यावरच दिसतात, तेव्हा रडून उपयोग नसतो. बेल्ट कायम लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवा नाही. सागात वाळूसारखा सिलिका असतो म्हणून पेपर लवकर बोथट होतात, पॉलिशवाले काटकसर करून तोच पेपर फिरवत बसतात, मग लाकूड घासलं न जाता नुसतं भाजतं आणि चकाकतं. पेपर तुम्ही आणून द्या, भरपूर.

आणि हो, मार्बल पॉलिशवाल्याला अजिबात आत घेऊ नका, तो "हो हो लकडी भी करता हूँ" म्हणतो आणि पाणी सोडून मशीन फिरवतो. हसू नका, नौपाड्यात एका घरात हे झालेलं मी बघितलंय.

खालच्या घरासाठी: खालून, म्हणजे त्यांच्या छताला, प्लॅस्टिक ताणून बांधा, आणि वरून फटींवर मास्किंग टेप मारून पहिलं घासकाम झालं की टेप बदलत जा. तरी थोडं पडणारच. चुलत सासऱ्यांना चार दिवस कुठेतरी फिरायला पाठवा.

करंट पण बघा, जुन्या घरात पाच अँपियरचे पॉइंट असतात, बेल्ट सँडरला पंधराचा पॉइंट आणि बरी वायर पाहिजे, नाहीतर घासकाम राहील बाजूला आणि मीटरबोर्ड तापेल.


चरईकर_सून

बापरे, एवढं सविस्तर! खूप खूप आभार. आज सगळं बघून आले.

जिन्याकडची कड मोजली, सव्वा इंचाला किंचित कमी आहे. खाली जाऊन कड्या ठोकल्या (चुलत सासऱ्यांनी विचारलं भूत शोधतेस का), सगळ्या खणखणीत, फक्त गॅलरीकडची शेवटची कडी भिंतीजवळ बद्द वाजते आणि स्क्रूड्रायव्हर बोटाच्या पेराएवढा आत गेला. फळ्यांमध्ये दोन ठिकाणी बारीक भोकं आणि खाली पिठासारखा पिवळसर भुसा पडलेला. हे वाळवी का?

आणि रंग लावलेल्या खोलीचं काय, तो पण मशीनने काढायचा का? घरात पाच वर्षांची मुलगी आहे.


लाख_टक्के

मी लिहिते रंगाबद्दल, मी पेंट-कोटिंगच्या लाइनमध्ये होते ऐरोलीला, आता निवृत्त.

पाच वर्षांची मुलगी आहे म्हणालात म्हणून स्पष्ट लिहिते, त्या खोलीत मशीन लावू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता भरपूर. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, त्याआधीच्या रंगांचा काही भरवसा नाही, आणि लालसर-पिवळट छटांमध्ये तर विशेष, शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड, तो प्रायमरमध्ये सर्रास असायचा. असा रंग कोरडा घासला की धूळ घरभर बसते, फटींतून खाली जाते, मूल जमिनीवर खेळतं, हात तोंडात जातो. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा जो परिणाम होतो तो नंतर औषधाने भरून निघत नाही.

तपासायला ऑनलाइन स्वॅब मिळतात, शिसं असेल तर गुलाबी-लाल होतात, पण तुमचा रंगच लाल! रंग स्वॅबला लागला की काय समजायचं? त्यामुळे एक पापुद्रा सुरीने काढून, खालच्या सगळ्या थरांसकट, पिशवीत घालून लॅबला द्या, आणि ते होईपर्यंत शिसं आहे असंच धरून चाला.

काढायचा तर पेंट रिमूव्हर लावून, फुगला की ओला असतानाच खरवडणीने काढायचा, निघालेला सगळा चोथा जाड पिशवीत बांधायचा, झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. रिमूव्हरचा वास डोक्यात जातो, खिडक्या सताड उघड्या, हातात चांगले मोजे, मुलगी त्या दिवसांत आजीसोबत दुसरीकडे. हीटगन वापरत असाल तर कमी तापमानावर, रंग जळून धूर यायला लागला की शिसं वाफेत येतं. आणि पेंटरने कॉस्टिक सोड्याची आयडिया काढली (काढतातच, स्वस्त पडतं) तर ठाम नाही म्हणा, साग काळा पडतो आणि वरचे तंतू लिबलिबीत होतात.

दुसरा पर्याय, मला खरं तर हाच जास्त पटतो: रंग घट्ट धरून बसला असेल, पोपडे नसतील, तर त्या खोलीत तो राहू द्या आणि गोंद साफ करून वरून नवा रंग मारा. लाल रंगाची तक्तपोशी काही वाईट दिसत नाही. सगळ्या घरात लाकूड दिसलंच पाहिजे असा काही नियम आहे का?

भोकं आणि पिठासारखा भुसा म्हणजे वाळवी नव्हे, भुंगा. नेहमीची वाळवी मातीच्या नळ्या करते, असा पिठासारखा भुसा नाही टाकत. भुंग्याला सागाचा आतला तपकिरी गाभा आवडत नाही, तो कडेचा पांढरट भाग खातो, बघा भोकं फळीच्या कडेलाच असतील. भुसा झाडून काळा कागद खाली ठेवा, काही आठवड्यांत परत पीठ पडलं तर किडा जिवंत, नाहीतर जुनी गोष्ट. जिवंत असेल तर घासून झाल्यावर, पॉलिशच्या आधी, बोरॅक्स-बोरिकचं पाणी किंवा पेस्ट कंट्रोलवाल्याकडून औषध भोकांत सोडून घ्या. पॉलिशच्या वरून औषध आत जात नाही.

खिडकीखालचा काळेपणा खिळ्यांभोवती जास्त आहे का? लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) मिळून काळं होतं. घासून पूर्ण निघत नाही, खोल गेलेलं असतं. ऑक्झॅलिक ॲसिड कोमट पाण्यात, ब्रशने लावून, उतरलं की दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. विषारी आहे, हातमोजे घालूनच, आणि वाळलेली पांढरी भुकटी नाकात जाऊ द्यायची नाही. मात्र आधी पाणी येणं बंद करा हो, नाहीतर पुढच्या जूनमध्ये परत तेच.


आरसीसी_काका

गॅलरीकडची कडी आधी. पेराएवढा आत गेला म्हणजे टोक गेलंय. पूर्ण कडी बदलायची गरज असेलच असं नाही, कुजलेलं टोक कापून बाजूने नवीन सागाचा जोड बोल्टने देता येतो किंवा भिंतीलगत लोखंडी आधार देता येतो, पण हे साइटवर बघून इंजिनिअरने सांगायचं, फोरमवर नाही. तोपर्यंत त्या टोकाला कपाट-बिपाट काही असेल तर हलवा. आणि पाणी कुठून मुरतंय ते शोधा, बहुतेक गॅलरीच्या पत्र्याची पन्हळ.


रंधा_पटाशी

आता वर काय लावायचं. माझं मत बेल तेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. पूर्वीपासून तेच लावत आलेत, लाकूड पितं, खराब झालं की तेवढ्यापुरतं परत लावता येतं. सासूबाईंना पण पटेल. टर्पेंटाइन मिसळून पातळ करून दोन-तीन हात.


लाख_टक्के

दादा, तुमच्या हाताबद्दल आदर आहे पण बेल तेलावर मी भांडणार. जवसाचं तेल वाळायला उबदार कोरडी हवा पाहिजे. ठाण्याच्या दमटपणात ते आठवडे-आठवडे चिकट राहतं, त्यावर धूळ बसते, आणि वर ती बुरशीला मेजवानी, खिडकीखाली तर काळे ठिपके येणारच. आणि सागात स्वतःचं तेल असतं, ते वरच्या तेलाला आणखी वाळू देत नाही.


रंधा_पटाशी

जाड लावलं तर चिकट राहतं. पातळ लावून वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं असतं. लोक तेल ओतून मोकळे होतात आणि मग तेलाला नावं ठेवतात.


लाख_टक्के

पुसून घ्यायचं हे मान्य, आणि त्यातली एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत ती मी लिहिते कारण ती जिवाशी आहे. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, गोळ्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेटतं, काडी-बिडी काही लागत नाही. लाकडी घर आहे. फडकी पाण्याच्या बादलीत, नाहीतर बाहेर दोरीवर एकेक मोकळं पसरून.

पीयूबद्दल, म्हणजे तिसऱ्या माणसाबद्दल. पीयू वाईट नाही, टिकाऊपणात तेच पुढे. पण तुमच्या फळ्या सरळ कडेच्या, मध्ये फटी, दरवर्षी हलणाऱ्या. हवेत ओल ८० टक्के असली की लाकूड १५-१६ टक्के पाणी धरतं, ६० टक्के असली की ११ च्या आसपास, म्हणजे जुलैतली फळी आणि फेब्रुवारीतली फळी एकाच रुंदीची नसते. वर जाड काचेसारखा थर दिलात तर तो फटींच्या कडांवर तुटतो, किंवा शेजारशेजारच्या फळ्या एकमेकींना चिकटवून टाकतो आणि मग एकच भलती मोठी फट दुसरीकडे उघडते. आणि वाटेवर झिजलं की तेवढाच तुकडा दुरुस्त करता येत नाही, परत सगळं घासा. परत घासणं म्हणजे परत लाकूड जाणं, धूळ, चुलत सासऱ्यांची सहल, सगळं.

फर्निचरवाले मेलामाइन पॉलिश सुचवतील, ते पायाखालचं काम नाही, कडक असतं, तडकतं. लाखेचं पॉलिश दिसायला सगळ्यात देखणं, माझं आवडतं, पण पाण्याचा पेला ठेवला की पांढरं गोल.

माझा कौल हार्डवॅक्स ऑइलला, तेल आणि मेणाचं तयार मिश्रण, बाहेरून येतं, महाग आहे, पण पसरतं खूप आणि दोन पातळ हात पुरतात. वाळतं बरं, आणि बेल तेलासारखंच तुकड्यातुकड्याने दुरुस्त होतं. दादांना जे हवंय ते त्यात आहे. लावण्याआधी सागावर थिनरचा किंवा ॲसिटोनचा बोळा फिरवायचा, वरचं नैसर्गिक तेल उडतं आणि लगेच, त्याच दिवशी, पहिला हात.

एक तपासणी आधी मात्र करा, बाहेरच्या खोलीत जुनं काय लावलंय ते. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा दाबून धरा, चिकट झालं तर लाख. स्पिरिटने काही नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हीने नाही तर ऑइलपेंट किंवा व्हार्निश. आणि मेण असेल तर नखाने पांढरट रेघ उठते. रॉकेल वर्षानुवर्षं मुरलंय ते पण थिनरने नीट पुसा, नाहीतर वरचं काहीही धरणार नाही.


रंधा_पटाशी

हार्डवॅक्स मी पण वापरलंय एका बंगल्यात, चांगलं आहे, खिशाला झेपत असेल तर तेच घ्या. पण जुलै नको म्हणजे नको, त्या पॉलिशवाल्याला जुलैत दुसरं काम नसतं म्हणून तो हो म्हणतोय. दमट हवेत लाखेवर आणि लॅकरवर दुधाळ पांढरटपणा येतो, बाकीचं वाळत नाही. दिवाळी झाली की सुरू करा, शिमग्यापर्यंत आटपा. मे महिन्यात पण नको, थिनर इतक्या पटकन उडतं की ब्रशच्या रेघा राहतात.

फटी बुजवायच्या भानगडीत पडू नका. भुसा आणि फेविकॉल सगळे भरतात, हिवाळ्यात भरलं की पावसाळ्यात फळ्या फुगून ते दाबून बाहेर पडतं, खाली ताटात. आणि फटी गच्च भरल्या तर फुगायला जागा नाही, फळी मधेच उचलते. पाव इंचाच्या वर असेल तिथे जुन्या सागाची पातळ पट्टी कापून एकाच बाजूच्या फळीला चिकटवा, दुसरी बाजू मोकळी. धूळ खाली जाऊ नये एवढंच हवं असेल तर सुतळी दाबून बसवा, ती दबते आणि परत फुलते.

आणि घासल्यावर रंग बघून घाबरू नका. ताजा घासलेला साग चट्ट्यापट्ट्याचा, हिरवट-पिवळट दिसतो, लोक लगेच स्टेन मारायला सांगतात. थांबा. उजेडात काही दिवसांत एकसारखा सोनेरी होतो. गालिचा-बिलिचा लगेच अंथरू नका, त्याखालचा तुकडा फिकट राहील.


चरईकर_सून

लाल रंगाच्या खोलीबद्दल लाख_टक्के ताईंचं ऐकलं, ती तशीच ठेवतोय, वरून नवा रंग, मुलीची खोली आहे ती. पापुद्रा लॅबला देणारच आहे. इंजिनिअर येऊन गेले, कडीचं टोक कापून सागाचा जोड द्यायचा ठरलं, आणि काका, पन्हळच होती! गंजून आरपार.

बाहेरच्या खोलीत स्पिरिटने चिकट झालं, म्हणजे लाख, पण फक्त भिंतीकडेला आणि कपाटाखाली. सासूबाई आता म्हणतात हो हो, लग्नाच्या आधी पॉलिशवाला आला होता. मशीनचं दिवाळीनंतर, तोपर्यंत पायात कुसळं जातायत त्याला तात्पुरतं काय करू?


रंधा_पटाशी

वाटेपुरतं हाताने १२० चा पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, रेषेच्या दिशेने. वर आलेले खिळे आत्ताच सुंब्याने बसवा, त्याला दिवाळीची वाट बघायची गरज नाही. स्टीलवूल वापरू नका, त्याचे बारीक तुकडे लाकडात राहतात आणि पावसाळ्यात प्रत्येकाचा काळा ठिपका होतो. आणि पुसायला पिळून घेतलेलं फडकं, बादली ओतून नाही. तोंडाला मास्क बांधा हाताने घासतानाही, सागाच्या धुळीने कित्येकांना दमा आणि अंगाला खाज सुटते, आमच्याकडे एक कारागीर त्यापायी साग सोडून बसलाय.


वाशी_सेक्टर_नऊ

छान धागा. माझा छोटा प्रश्न, वाशीला फ्लॅटमध्ये बेडरूमला वुडन फ्लोअरिंग आहे, बिल्डरने दिलेलं, दहा-बारा वर्षं झाली, दाराजवळ झिजून पांढरं दिसतंय. हेच सगळं मला पण करता येईल ना? बेल्ट सँडर भावाकडे आहे.


लाख_टक्के

थांबा, भावाला फोन करू नका अजून. बिल्डरने दिलेलं बहुतेक लॅमिनेट असतं, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या पाटावर लाकडाचा छापील कागद आणि वर पारदर्शक थर. पांढरं दिसतंय म्हणजे कागद फाटला. घासलंत तर दोन मिनिटांत खालचा भुसा. दाराची पट्टी उचकटून कड बघा, कडेला खऱ्या लाकडाचा दोन-चार मिलिमीटरचा सलग थर दिसला तर ते इंजिनिअर्ड, ते एखाद्या वेळी हलक्या हाताने ऑर्बिटलने घासता येतं, बेल्टने तरीही नाही. थर दिसला नाही आणि सगळा एकसारखा तपकिरी पाट दिसला तर ते घासायचं नाही, झिजलेल्या पट्ट्या बदलायच्या. पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, भिंतीपासून सुरुवात करून तिथपर्यंत सोडवत यायचं. तुमच्या सोसायटीत कुणाकडे त्याच छापाच्या उरलेल्या पट्ट्या माळ्यावर पडल्या असतील, आधी ते विचारा, दुकानात तो छाप आता मिळणं कठीण.


वाशी_सेक्टर_नऊ

कड बघितली, तपकिरी पाटच आहे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, सातव्या मजल्यावरच्यांकडे अर्धा बॉक्स निघाला 🙏